‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं बँकेला सांगू का?

पत्र थोडक्यात असं आहे. बडोद्याच्या एक ताई, शाळेत शिकवतात. अहमदाबादला स्टेडियमवर मोठा शो होता, मुलीचा आणि पुतणीचा त्यात जीव अडकलेला, पण अधिकृत ॲपवर तिकिटं बघता बघता संपली. मग ताईंनी नेटवर शोधलं, सगळ्यात वर आलेली साइट उघडली आणि तीन तिकिटं घेतली. ती तिकिटं पुन्हा विकणारी, तीही परदेशातली साइट होती हे नंतर कळलं. ओटीपी न येता क्रेडिट कार्डावरून पैसे कटले. स्टेटमेंटमध्ये तिकिटांचे ३९,७३२, परदेशी व्यवहाराचा मार्कअप (म्हणजे बँकेचा जादा आकार) १,३९१ आणि त्यावर जीएसटी २५०, मिळून ४१,३७३ रुपये. शोच्या दिवशी दुपारी पीडीएफ आले. दिरांच्या गाडीतून अहमदाबादला गेले, गेटवर स्कॅन केलं तर मशीन म्हणतंय हे तिकीट आधीच वापरलंय. तीन गेट फिरून झाले, कोणी आत घेतलं नाही. परतीचा टोल पावणेनऊला लागला तेव्हा मुली मागच्या सीटवर बसून तोच शो दुसऱ्यांच्या स्टोरीत बघत होत्या.

आता साइट म्हणते तिकिटं दिलीत, फार तर ६० टक्क्यांचं व्हाउचर घ्या. बँकेचं कस्टमर केअर फोनवर म्हणतं व्यवहार तुम्हीच केलाय, काही होणार नाही. दीर म्हणतात ओटीपी आलाच नव्हता ना, मग सरळ सांग की मी केलाच नाही, कार्ड ब्लॉक कर. सासूबाई म्हणतात जाऊ दे, सोड. मिस्टरांना तिकिटं बारा हजारांची सांगितलीत. शो होऊन १९ दिवस झाले, बिलाची शेवटची तारीख सहा दिवसांवर आहे आणि निषेध म्हणून ते भरायचंच नाही असं ताईंनी ठरवलंय. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की दिरांचं ऐकू का.

ताई, नका ऐकू. म्हणजे त्यांच्यावर रागवूही नका, माणूस तुमच्यासाठी एवढं ड्रायव्हिंग करून आला आणि तुमच्यासारखाच चिडलेला आहे, त्याची मुलगीही हिरमुसून परत आली. पण त्यांनी सुचवलेल्या रस्त्याने तुमचे पैसे यायचे ते पण अडकतील. खरं बोलावं म्हणून मी हे सांगत नाहीये (ते तर आहेच), तुमच्या केसमध्ये खरं जे घडलं तेच सगळ्यात भक्कम आहे म्हणून सांगतोय.

आधी ओटीपीचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपीसारखी दुसरी खात्री लागते ती रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे, आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालीये की ओटीपी नाही म्हणजे चोरी असंच वाटतं. पण परदेशातल्या साइटवर, जिथे पैसे घेणारी बँकही बाहेरची असते, तिथे कार्ड नंबर, एक्स्पायरी आणि मागचे तीन आकडे दिले की ओटीपीशिवाय पैसे कटू शकतात. म्हणजे तुमच्या बाबतीत ओटीपी न येणं ही साइट बाहेरची असल्याची खूण आहे, व्यवहार तुम्ही केला नसल्याची नाही. कार्डचे आकडे तुम्हीच टाकलेत, तीन सीट तुम्हीच निवडल्यात.

दीर जे म्हणतात ते त्यांनी कुठेतरी ऐकलंय आणि ते पूर्ण खोटं नाहीये. २०१७ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं, त्यात असं होतं की तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी तुमच्या परवानगीशिवाय पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा नाही, दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती रक्कम जमा होते. ते चोरीसाठी आहे हो. कोणी तुमचं कार्ड वापरलं, तुम्हाला पत्ताच नाही, त्यासाठी. तुम्हाला खरेदीचा एसएमएस त्याच मिनिटाला आला होता, तुम्ही तो बघून मुलीला मिठी मारली असं पत्रातच लिहिलंय.

आता समजा तुम्ही तरी ‘मी केला नाही’ म्हणालात. बँक कार्ड ब्लॉक करेल, सहीचं डिक्लरेशन घेईल की हा व्यवहार माझा नाही, कदाचित सायबर तक्रारीची प्रतही मागेल. मग साइटला विचारलं जाईल, आणि साइट काय देईल? तुमचं नाव, ईमेल, मोबाइल नंबर, पीडीएफ कधी डाउनलोड केले त्याची वेळ. आणि त्याहून वर, गेल्या १९ दिवसांत तुम्ही त्यांना पाठवलेले चार मेल, ज्यात तुम्हीच लिहिलंय की माझी तिकिटं चालली नाहीत, माझे पैसे परत द्या. झालं. तिथेच केस संपली, तुमच्या सहीचा खोटा कागद बँकेच्या फायलीत राहिला, आणि नंतर तुम्ही खरी गोष्ट सांगायला गेलात तर ती कोण ऐकणार.

खरी गोष्ट काय आहे ते मी एका वाक्यात लिहितो, हेच वाक्य बँकेला द्या: ‘व्यवहार मी केला, पण पैसे घेऊन जे द्यायचं ते विकणाऱ्याने दिलं नाही, दिलेली तिकिटं प्रवेशासाठी चालली नाहीत आणि तो पैसे परत करायला नकार देतोय.’ यासाठी कार्डाच्या व्यवस्थेत वेगळा रस्ता आहे, त्याला डिस्प्यूट म्हणतात, आणि त्यातून बँक जे पैसे परत मागते ते चार्जबॅक. सेवा मिळाली नाही, किंवा सांगितली तशी मिळाली नाही, ही त्यातली नेहमीची कारणं आहेत.

कस्टमर केअरने नाही म्हटलं त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मी बँकेत तक्रारींच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, फोनवरच्या पोराला समोर एक ठरलेला प्रश्न दिसतो, व्यवहार तुम्ही केलाय का, तुम्ही हो म्हणालात की त्याच्या दृष्टीने फ्रॉडचा रकाना बंद झाला. दुसरा रकाना आहे हे त्याला कधी माहीत असतं, कधी नसतं. म्हणून फोन नकोच. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन डिस्प्यूटचा पर्याय असेल तर तिथून, नाहीतर बँकेच्या कार्ड विभागाला मेल, आणि तक्रार नंबर घेतल्याशिवाय थांबायचं नाही. फॉर्ममध्ये कारण निवडताना ‘अनधिकृत’ सोडून ‘सेवा मिळाली नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ यातलं जे असेल ते निवडा.

त्याच टेबलावर एक गृहस्थ यायचे, हॉटेल बुकिंगचे पैसे अडकलेले. तीन पानी पत्र आणलं होतं, सुंदर अक्षर, आणि त्या तीन पानांत राग, फसवणूक, देशाचं काय होणार, सगळं होतं, फक्त बुकिंगची तारीख नव्हती आणि हॉटेलने नकार दिल्याचा कागद नव्हता. त्यांची बाजू शंभर टक्के बरोबर होती. आम्ही ती तक्रार दोन वेळा परत पाठवली कारण पुढे पाठवायला त्यात काहीच नव्हतं. तुमचं पत्र वाचताना मला ते आठवले, राग तुमचाही तेवढाच आहे, पण तुमच्याकडे कागद आहेत, फक्त तुम्हाला ते कागद आहेत असं वाटत नाहीये.

काय काय आहे ते बघा. ऑर्डरचा कन्फर्मेशन मेल. तीन पीडीएफ, जसेच्या तसे, त्यांचे बारकोड नंबर दिसतील असे. मेल किती वाजता आला ते. साइटशी झालेला सगळा पत्रव्यवहार, विशेषतः जिथे ते पैसे परत देणार नाही आणि व्हाउचर घ्या म्हणतात, कारण आधी विकणाऱ्याकडे मागून बघितलं का हे बँक विचारतेच. गेटवर काढलेला फोटो असेल तर तो, पोरींनी नक्की काढला असेल, त्यांना विचारा. आणि एक गोष्ट तुमच्याकडे नाहीये ती मिळवा: शोची अधिकृत तिकिटं ज्या कंपनीने विकली तिच्या हेल्पडेस्कला मेल करून तिन्ही बारकोड नंबर द्या आणि विचारा की ही तिकिटं वैध होती का, त्या दिवशी कधी स्कॅन झाली. दोन ओळींचं उत्तर आलं तरी ते तुमच्या दहा पानांवर भारी पडेल, कारण साइटचा एकच बचाव आहे की आम्ही तिकिटं पोचवली. पीडीएफ पोचवणं आणि प्रवेश पोचवणं यातला फरक दाखवणारा कागद तुम्हाला हवाय.

हे काही तुमच्या एकटीच्याच बाबतीत झालं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये २५ आणि २६ तारखेला नरेंद्र मोदी स्टेडियमवर कोल्डप्लेचे शो झाले, त्याच्या आधी मुंबईच्या शोची तिकिटं निघाली तेव्हाच पुन्हा विकणाऱ्या साइटवर भाव कुठल्या कुठे गेले होते, अधिकृत विक्री करणाऱ्या बुकमायशोला जाहीर सांगावं लागलं की या साइटशी आमचा संबंध नाही आणि तिथली तिकिटं खोटी निघू शकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईडीने अशा काळ्या बाजाराच्या तपासात पाच राज्यांत छापेही घातले. म्हणजे शिकलेली, रोज इंटरनेट वापरणारी माणसं फसली. तुम्ही पत्रात तीनदा ‘मीच मूर्ख’ लिहिलंय, ते बँकेच्या मेलमध्ये चुकूनही लिहू नका आणि मनातूनही काढा. सर्चमध्ये सगळ्यात वर येतं ते पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते आणि ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्द इतका बारीक असतो की चष्मा लावूनही दिसत नाही.

साइट आणखी एक म्हणेल, बहुतेक म्हणूनही झालं असेल, की आम्ही फक्त मध्ये आहोत, विकणारा कोणी वेगळाच. असू दे. तुमच्या स्टेटमेंटवर ज्याचं नाव आहे त्याने तुमच्या कार्डावरून पैसे घेतलेत, आणि कार्डाच्या व्यवस्थेत उत्तर त्यानेच द्यायचं असतं. फक्त एक तपासा, स्टेटमेंटवरचं नाव साइटच्या नावापेक्षा वेगळं असतं बऱ्याचदा, फॉर्ममध्ये दोन्ही लिहा.

वेळ किती आहे? कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि न मिळालेल्या सेवेच्या बाबतीत ती सेवा ज्या दिवशी मिळायची होती त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमच्या शोच्या तारखेपासून. १९ गेलेत. पण त्यावर निवांत बसू नका, बँका स्वतःच्या अटींत याहून कमी दिवस ठेवतात आणि उशीर झाला की पहिलं कारण तेच सांगतात. या आठवड्यातच द्या. पुढे काय होतं तर तुमची बँक नेटवर्कमधून साइटच्या बँकेकडे मागणी पाठवते, साइटला उत्तर द्यायला महिना-दीड महिना मिळतो, तिने कागद दिले तर तुमची बँक ते तुम्हाला दाखवून विचारते की यावर तुमचं काय म्हणणं. त्या मेलकडे लक्ष ठेवा, त्याला उत्तर द्यायला दिवस कमी असतात आणि लोक नेमके तिथेच हरतात. मध्येच खात्यात तात्पुरती रक्कम जमा दिसली तर ती खर्चू नका, निकाल उलटा लागला तर परत कापतात.

आता बिल. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बिल न भरून तुम्ही ज्याचा निषेध करताय त्या साइटला त्याचा पत्ताही लागणार नाही, तिचे पैसे तिला कधीच मिळालेत, तुम्ही आता देणं लागता ते तुमच्या बँकेला. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, शिवाय लेट फी, शिवाय पुढच्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागचं शिल्लक असलं की बिनव्याजी दिवस जातात. मिनिमम ड्यू भरूनही हे व्याज थांबत नाही. तर तक्रारीच्या मेलमध्येच विचारा की डिस्प्यूट चालू असेपर्यंत ही रक्कम बाजूला ठेवताय का, आणि लेखी हो आलं नाही तर तारखेच्या आत पूर्ण भरा. काही बँका ठेवतात, पण फ्रॉड नसलेल्या डिस्प्यूटमध्ये त्या ठेवतीलच असं धरून चालू नका. बिल भरलं म्हणजे चार्ज मान्य केला असं होत नाही, डिस्प्यूट चालूच राहतो. ४१ हजार एकदम जड असतील तर घरातून घ्या, पण कार्डावर राहू देऊ नका. आणि वसुलीवाल्यांनी सिबिलची भीती घातलीच तर हे माहीत असू द्या की रिझर्व्ह बँकेच्या कार्ड निर्देशांप्रमाणे वाद चालू असलेल्या रकमेवरून थकबाकीदार म्हणून कळवताना बँकेने वाद मिटेपर्यंत थांबायचं असतं.

व्हाउचर घेऊ नका. ६० टक्के ऐकायला बरे वाटतात, पण ते ज्या साइटवर पुन्हा कधी जाणार नाही त्याच साइटवर खर्च करायचे आहेत, आणि ‘स्वीकारा’वर बोट पडलं की साइट बँकेला सांगणार ग्राहकाशी तडजोड झाली. एक ओळ मेल करा की मला व्हाउचर मान्य नाही, मूळ कार्डावर पूर्ण रक्कम हवी. त्यांनी खरंच कार्डावर पैसे दिले तर मात्र बँकेला लगेच कळवून डिस्प्यूट बंद करायचा, दोन्हीकडून घ्यायचे नाहीत. मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी, ते १,६४१ रुपये, डिस्प्यूटमध्ये वेगळे लिहून मागा. मिळतीलच असं नाही, आणि डॉलरचा भाव बदलला की मुख्य रक्कमही थोडी मागेपुढे होते.

बँकेने नाकारलं तर? कारण लेखी मागा, साइटने दिलेले कागद मागा. मग बँकेचा तक्रार निवारण अधिकारी, आणि तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, २०२१ पासून एकच योजना आहे, सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. तिथे एक समजून जा, लोकपाल बँक चुकली का ते बघतो. साइटने फसवलं का हा त्याचा विषय नाही, म्हणून तिथे लिहिताना ‘बँकेने माझा डिस्प्यूट चुकीच्या रकान्यात टाकला, कागद बघितलेच नाहीत’ असं लिहायचं. साइटविरुद्ध १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे बडोद्यातच, तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. परदेशी कंपनीकडून आदेशाप्रमाणे पैसे वसूल करणं मात्र सोपं नाही, म्हणून मी चार्जबॅकवर एवढा जोर देतोय, तिथे पैसे नेटवर्कच्या आतच फिरतात.

सासूबाईंचं ‘सोड’ मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना तुमची झोप उडालेली दिसतेय. कधीकधी सोडणंच बरं असतं, पाचशे-हजाराची गोष्ट असती तर मीही तेच म्हणालो असतो. पण इथे काम किती आहे तर एक रविवारची सकाळ कागद गोळा करायला, आणि नंतर महिन्यातून दोन-तीन मेल. त्यांना सांगा की एक फॉर्म भरते आणि मग त्याचा विषय घरात रोज काढणार नाही. हे दुसरं नक्की पाळा.

मिस्टरांचं उरलं. बारा हजार सांगितलेत आणि ४१ गेलेत. तुम्ही लिहिलंय की पैसे परत आले की त्यांना कळायची गरजच नाही, दिरांचा शॉर्टकट तुम्हाला आवडला त्याचं अर्धं कारण मला तरी हेच वाटतं. पण ताई, हे दोन-तीन महिने चालणार, बँकेचे फोन येणार, बिल भरायला बहुधा घरातलेच पैसे लागणार, आणि दिरांना खरा आकडा माहीत आहे. तुमच्या तोंडून कळलेलं बरं. कागद एकत्र करून मग सांगा, म्हणजे ‘एवढे गेले’च्या मागोमाग ‘आणि मी हे करतेय’ सांगता येईल. रागावतील. मुलगी आत जाऊ शकली नाही याचं त्यांनाही वाईट वाटलंच असेल ना.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण नवरात्रात मला अशीच पत्रं गरब्याच्या पासांची येतात. इन्स्टावर कोणीतरी सीझन पास विकतो, क्यूआर कोड पाठवतो, आपण यूपीआयने देतो आणि मैदानाच्या गेटवर कळतं की पास झेरॉक्स आहे. तिथे हा चार्जबॅकचा रस्ता हाताशी नसतो, तुम्ही स्वतःच्या पिनने एका माणसाला पैसे पाठवलेले असतात. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवणं हाच उपाय, आणि तो तासाभरात केला तर. शक्यतो पास आयोजकांकडूनच घ्या, आणि ऑनलाइन घ्यायचाच तर कार्डाने, आणि पैसे देण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट, सीट, भाव, तारीख दिसेल असा. कार्डाच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवायचं बटण असतं, ते बंद ठेवा, लागेल त्या दिवशी चालू करा. ताईंचं ते बंद असतं तर पैसे कटलेच नसते.

आणि ताई, तो टोल. पत्रात तुम्ही तो दुःखाने लिहिलाय, पण शो ऐन रंगात असताना तुमची गाडी बडोद्याच्या दिशेने एक्सप्रेसवेवर होती हे तुमच्यासाठी दुसरं कोणीच इतकं पक्कं सांगू शकत नाही, तारीख, वेळ, गाडीचा नंबर सगळं त्या फास्टॅगच्या मेसेजमध्ये आहे. गाडी दिरांची म्हणजे मेसेज त्यांच्या फोनवर आला असणार. त्यांना मदत करायचीच आहे तर त्यांच्याकडून जातानाचा आणि येतानाचा असे दोन्ही मेसेज आज रात्रीच मागून घ्या, इनबॉक्स साफ करताना उडून जायच्या आत.